प्रतिकारशक्तीचे ऋण

जन्मतः एचआयव्हीची लागण झालेले मूल प्रत्येक धर्मापुढे एक जुना प्रश्न नव्याने उभा करते : दुःख भोगणाऱ्याने ते स्वतःवर ओढवून घेतलेले असते का? मोठ्या माणसाच्या आजारात त्याच्या वागण्याकडे बोट दाखवता येते. अर्भकाच्या बाबतीत ती सोय नाही. विषाणू त्याच्यापर्यंत आईच्या पोटात, बाळंतपणाच्या वेळी किंवा अंगावरच्या दुधातून पोचतो. कोणतेच उपचार झाले नाहीत तर बाधित आयांच्या शंभर मुलांपैकी १५ ते ४५ जणांना लागण होते. आईला आणि बाळाला वेळेवर औषधे मिळाली तर हा आकडा ५ च्या खाली येतो. म्हणजे कोणते मूल बाधित होणार आणि कोणते सुटणार, हे बऱ्याच अंशी आईपर्यंत गोळ्या पोचल्या की नाही यावर ठरते.

२०२० साली कोरोना आला तेव्हा ही मुले किशोरवयात किंवा विशीत होती आणि त्यांची मोठी संख्या आफ्रिका खंडाच्या दक्षिण भागात होती. एका विषाणूला सोबत घेऊन वाढलेल्या पिढीला दुसऱ्या विषाणूने गाठले. त्यांच्या शरीरात काय घडले याचे उत्तर वैद्यकशास्त्राकडे पुष्कळसे आहे. त्या घडण्याचा अर्थ काय लावायचा, हा मात्र धर्माचा आणि तत्त्वज्ञानाचा प्रश्न आहे आणि तो दोन अंगांनी विचारावा लागतो : रोगाचा दोष कोणाचा, आणि प्रतिकारशक्ती कोणाची?

दक्षिण आफ्रिकेतला न्कोसी जॉन्सन हा या मुलांचा सर्वांत परिचित चेहरा. तो १९८९ साली जन्मला, जन्मतःच बाधित. १९९७ साली जोहान्सबर्गमधल्या एका प्राथमिक शाळेत त्याचे नाव घालायचे ठरले, तेव्हा त्याच्या आजारावरून वाद पेटला आणि प्रकरण देशभर गाजले. जुलै २००० मध्ये डर्बन येथे तेरावी आंतरराष्ट्रीय एड्स परिषद भरली, त्या व्यासपीठावर अकरा वर्षांचा न्कोसी उभा राहिला. बाधित गरोदर महिलांना सरकारने एझेडटी हे औषध द्यावे, असे त्याने सांगितले. त्याच्यासारखी आणखी मुले जन्मू नयेत म्हणून मागितलेली ती गोष्ट होती. त्याचा स्वतःचा त्यात काही लाभ नव्हता. १ जून २००१ रोजी तो वारला. त्या काळात देशाचे अध्यक्ष थाबो म्बेकी एचआयव्हीमुळेच एड्स होतो का, याविषयी जाहीर शंका घेत होते. २००२ साली तिथल्या घटनात्मक न्यायालयाने गरोदर महिलांना नेविरापिन हे औषध देण्याची सोय सरकारी दवाखान्यांत वाढवायला लावली आणि एआरटी, म्हणजे एचआयव्हीला दाबून ठेवणारे औषधोपचार, सरकारतर्फे २००४ साली सुरू झाले. २०२० मध्ये जे तरुण होते ते याच वर्षांच्या आसपास जन्मलेले, औषध येईपर्यंत कसाबसा तग धरलेले. पाप-पुण्याचा हिशेब मांडणाऱ्याने आधी या तारखा पाहाव्यात.

भारतीय माणसाच्या तोंडी ‘मागच्या जन्मीचे भोग’ हे उत्तर सहज येते. त्याच्या मुळाशी असलेला विचार उथळ नाही आणि त्याची खिल्ली उडवून काही साधत नाही. ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात हाच प्रश्न दोन शब्दांत घेतला आहे : वैषम्य आणि नैर्घृण्य, म्हणजे पक्षपात आणि निर्दयपणा. कोणी सुखात जन्मतो, कोणी दुःखात. मग ही सृष्टी रचणारा ईश्वर पक्षपाती आणि निर्दय ठरत नाही का? उत्तर असे, की ईश्वर जीवांच्या कर्माला धरून सृष्टी करतो. शंकराचार्यांनी भाष्यात पावसाचा दाखला दिला आहे. पाऊस भाताला आणि जवाला सारखाच पडतो, पिकातला फरक बियाण्यामुळे पडतो. आणि पहिले कर्म आले कुठून, असे कोणी विचारले तर संसार अनादी आहे, असे पुढचे सूत्र सांगते.

हा युक्तिवाद ईश्वराच्या बचावासाठी रचलेला आहे, हे लक्षात घेतले पाहिजे. समोरच्या रोग्याविरुद्धचा पुरावा म्हणून तो कोणी मांडला नव्हता. गावगाड्यात आणि घराघरांत त्याचा वापर मात्र उलट्या दिशेने झाला : दुःख दिसले की त्यावरून पाप वाचायचे. इथे तर्काची मोठी चूक होते. कर्माचे स्पष्टीकरण प्रत्येक निकालाला सारखेच लागू पडते. मूल दगावले तर कर्म, वाचले तर कर्म, औषधाची पेटी वेळेवर पोचली तर तेही कर्म. जे स्पष्टीकरण सर्व निकालांना बसते ते या क्षणी काय करावे हे सांगू शकत नाही, आणि या मुलाने काय केले होते हे तर मुळीच सांगू शकत नाही. शिवाय आई-वडिलांच्या पापाची शिक्षा म्हणून मूल आजारी पडले असे मानले, तर ते मूल दुसऱ्याला शिक्षा देण्याचे साधन होऊन बसते, आणि ज्याचे कर्म त्याला फळ हे त्या सिद्धान्ताचे मूळ सूत्रच त्यातून तुटते.

बौद्ध परंपरेने ही सीमा स्पष्ट आखली आहे. संयुत्तनिकायात मोळियसीवक नावाचा परिव्राजक बुद्धाला विचारतो, की माणूस जे जे सुखदुःख अनुभवतो ते सगळे पूर्वकर्मामुळेच, असे काही श्रमण-ब्राह्मण म्हणतात. त्यावर आपले मत काय? बुद्ध आठ कारणे मोजतो : पित्त, कफ, वात, तिघांचा मेळ, ऋतूंचा बदल, विषम आहार-विहार, बाहेरून झालेला आघात, आणि आठवे कर्मविपाक. सगळेच कर्मामुळे म्हणणारे लोक स्वतःच्या अनुभवाच्या आणि जगाने खरे मानलेल्या गोष्टींच्या पलीकडे जातात, असा त्याचा निर्णय आहे. कर्म नाकारलेले नाही, पण आठांतल्या एका जागी बसवलेले आहे. आणि अंगुत्तरनिकायात कर्मविपाक चार अचिंत्य गोष्टींमध्ये धरला आहे. त्याचा नेमका छडा लावायला जाणारा वेडाच्या आणि त्रासाच्या वाटेला जातो. कोण कशामुळे आजारी पडला याचा निवाडा शेजारच्या ओट्यावर बसून करता येत नाही, हे कर्म मानणाऱ्या परंपरेनेच सांगितलेले आहे.

चरकसंहितेतला विचार साथीच्या रोगापुरता याहून नेमका आहे. विमानस्थानाच्या तिसऱ्या अध्यायात, पांचाल देशातल्या काम्पिल्य नगरीजवळ गंगेच्या काठी पुनर्वसू आत्रेय शिष्य अग्निवेशाशी जनपदोद्ध्वंसाविषयी, म्हणजे साथीने प्रदेश उजाड होण्याविषयी बोलतात. अग्निवेशाची शंका अशी : माणसांची प्रकृती, आहार, बळ, वय सगळे वेगवेगळे असताना एकाच वेळी एकाच रोगाने सारा प्रदेश कसा उजाड होतो? आत्रेयांचे उत्तर असे, की माणसे वेगळी असली तरी हवा, पाणी, भूमी आणि काळ हे चौघे सर्वांना सामाईक असतात आणि ते बिघडले की सर्वांना भोवतात. त्या बिघाडाच्या मुळाशी ते अधर्म ठेवतात, पण तो देश-नगर चालवणाऱ्यांपासून सुरू होऊन खाली पसरणारा अधर्म आहे. एकेका रोग्याचे खासगी पाप तिथे शोधलेले नाही. साथीचा दोष सामाईक व्यवस्थेत पाहण्याची ही दृष्टी दोन हजार वर्षांनंतरही शिळी वाटत नाही.

त्याच अध्यायात आयुष्य ठरलेले असते का, हा प्रश्न येतो. आत्रेय गाडीच्या आसाचे उदाहरण देतात. चांगल्या लाकडाचा आस नीट ओझे वाहत राहिला तर आपल्या वेळी झिजून मोडतो. तोच आस अति ओझ्याने, खाचखळग्यांच्या वाटेने, वंगण नसल्याने किंवा हाकणाऱ्याच्या चुकीने मध्येच मोडतो. आस कोणत्या लाकडाचा हे दैव म्हणा, पण वाट, ओझे, वंगण आणि हाकणारा हे मनुष्यांच्या हातचे. जन्मतः बाधित तरुणाच्या आयुष्याला हे उदाहरण तंतोतंत लागू पडते.

अन्य धर्मांतही हा प्रश्न याच वळणावर येतो. योहानाच्या शुभवर्तमानात जन्मांध माणसाला पाहून शिष्य येशूला विचारतात, की पाप कोणाचे, याचे की याच्या आई-वडिलांचे? येशू दोन्ही पर्याय नाकारतो आणि त्या माणसाला दृष्टी देण्याच्या कामाला लागतो. इस्लामच्या इतिहासात इसवी सन ६३८-३९ च्या सुमाराची एक घटना नोंदलेली आहे. सीरियात प्लेग पसरल्याचे कळताच खलिफा उमर सीमेवरून परत फिरले. अल्लाहने नेमलेल्या नियतीपासून पळता काय, असे त्यांना विचारले गेले. एका नियतीकडून दुसऱ्या नियतीकडे जातो आहोत, अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिले. खबरदारी हीसुद्धा नियतीचाच भाग, असा त्याचा अर्थ होतो.

या वादाचा आधुनिक भारतातला सर्वांत बोधक प्रसंग गांधींच्या चरित्रात आहे आणि त्याचे एक टोक दक्षिण आफ्रिकेतच आहे. मार्च १९०४ मध्ये जोहान्सबर्गच्या हिंदी वस्तीत फुफ्फुसाचा प्लेग शिरला. गांधींनी डॉ. गॉडफ्रे आणि इतर सहकाऱ्यांसह एका रिकाम्या घरात रोगी हलवले, त्यांची शुश्रूषा केली आणि नगरपालिकेने वस्तीच्या स्वच्छतेकडे केलेल्या दुर्लक्षावर बोट ठेवले. वस्ती पुढे रिकामी करून जाळून टाकण्यात आली. पुढे तीस वर्षांनी, १५ जानेवारी १९३४ रोजी बिहारमध्ये भूकंप झाला, तेव्हा त्याच गांधींनी तो अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा असल्याचे म्हटले. रवींद्रनाथ टागोरांनी त्याला जाहीर हरकत घेतली. भौतिक घटनेला भौतिक कारणे असतात, आणि अशा तर्काचा आधार उद्या विरोधकही तितक्याच सहजतेने घेऊ शकतील, हा त्यांचा मुद्दा होता. गांधींच्या बाजूने एवढे म्हणावे लागते, की त्यांनी आरोप ढिगाऱ्याखाली सापडलेल्यांवर ठेवला नव्हता. तो सवर्ण समाजावर, म्हणजे ज्यात ते स्वतःला धरत होते त्या समाजावर होता. तरीही टागोर बरोबर होते. पापाचा विचार माणसाने स्वतःपुरता केला तर तो आत्मपरीक्षण होऊ शकतो, पण भूकंपाच्या कारणांच्या यादीत घातला की मातीखाली गेलेल्या निष्पाप माणसांचे काय, या प्रश्नाला त्याच्याकडे उत्तर उरत नाही. १९०४ चे गांधी १९३४ च्या गांधींपेक्षा या बाबतीत अधिक स्वच्छ विचार करत होते.

आता दुसरा प्रश्न : प्रतिकारशक्ती कोणाची? ‘इम्युनिटी’ या शब्दाचे मूळ लॅटिनमधल्या ‘इम्युनिस’मध्ये आहे आणि त्याचा अर्थ ‘मुनुस’पासून, म्हणजे सार्वजनिक कर्तव्यापासून, करापासून मुक्त असलेला. रोमन समाजात ही सवलत होती. इतर सगळे ज्या भारात वाटेकरी आहेत त्यातून सुटलेला तो ‘इम्यून’. रोबेर्तो एस्पोझितो या इटालियन तत्त्वज्ञाने याच धाग्यावर ‘कॉम्युनितास’ आणि ‘इम्युनितास’ हे दोन ग्रंथ लिहिले. समुदाय म्हणजे सामाईक ऋण आणि इम्युनिटी म्हणजे त्यातून सूट, अशी त्याची मांडणी. मराठीतला ‘प्रतिकारशक्ती’ हा शब्द युद्धाच्या भाषेतून येतो. चरकाचा शब्द वेगळाच आहे : व्याधिक्षमत्व. सर्व शरीरे रोग सोसायला सारखी समर्थ नसतात, असे सूत्रस्थानात म्हटले आहे. क्षम म्हणजे समर्थ, आणि क्षम म्हणजे सोसणाराही. तिन्ही शब्दांत प्रतिकारशक्ती एकेकट्या देहाची मालमत्ता असल्यासारखी दिसते. कोरोनाच्या काळात काढे, गोळ्या आणि ‘इम्युनिटी बूस्टर’ विकले गेले ते याच समजुतीवर.

विसाव्या शतकातल्या प्रतिकारशास्त्राचा पायाही ‘स्व’ आणि ‘पर’ या भेदावर घातला गेला. ऑस्ट्रेलियाचे मॅकफार्लेन बर्नेट यांनी तो मांडला आणि १९६० साली त्यांना पीटर मेडावर यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. शरीर आपले ओळखते आणि परके हाकलते, ही ती कल्पना. एचआयव्ही या कल्पनेचीच परीक्षा पाहतो. तो ज्या सीडी-फोर पेशींमध्ये शिरतो त्या इतर संरक्षक पेशींना दिशा देणाऱ्या पेशी आहेत आणि तो आपला मजकूर थेट त्यांच्या जनुकांत गुंफून टाकतो. औषधे त्याची वाढ थांबवतात, पण जुन्या संसर्गांची आठवण जपणाऱ्या दीर्घायुषी पेशींमध्ये तो निद्रिस्त राहतो. शरीराची स्मृती आणि शरीराचा शत्रू एकाच घरात राहतात; एकाला घालवायचे तर दुसऱ्यालाही धक्का लागतो. आणि हा प्रकार केवळ बाधितांचा नाही. माणसाच्या जनुकसंचाचा सुमारे ८ टक्के भाग प्राचीन रेट्रोव्हायरसांचे अवशेष आहेत, आणि गर्भाच्या वारेची घडण ज्या प्रथिनांविना होत नाही त्यांतले एक अशाच एका विषाणूकडून आलेले आहे. शुद्ध ‘स्व’ कुठेच सापडत नाही.

कोरोनाच्या साथीने या तरुणांबाबत जे दाखवले ते या पार्श्वभूमीवर वाचावे. निरोगी प्रौढ माणसात सीडी-फोर पेशींची संख्या घनमिलिमीटरला साधारण ५०० ते १५०० असते. २०० च्या खाली आली की आजार पुढे गेला असे मानतात. ज्यांची औषधे नियमित आहेत, विषाणू दबलेला आहे आणि पेशींची संख्या सावरलेली आहे, अशा तरुणांना कोरोना बहुधा सौम्यच झाला. लशीनंतर त्यांच्या शरीरात प्रतिपिंडेही पुरेशी तयार झाली. लहानपणी छातीतली थायमस ग्रंथी जोमात असते, त्यामुळे लवकर औषध सुरू झालेल्या मुलांच्या पेशी मोठ्यांपेक्षा चांगल्या सावरतात. उलट ज्यांना औषध उशिरा मिळाले त्यांच्यापैकी अनेकांच्या फुफ्फुसांना कायमची इजा झालेली आहे. पेशींची संख्या २०० च्या खाली असेल तर लशीचा प्रतिसाद कमी पडतो, म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी ऑक्टोबर २०२१ मध्ये प्रतिकारशक्ती क्षीण असलेल्यांना जादा डोस सुचवला. मोठ्यांच्या बाबतीत चित्र अधिक कठोर होते. दक्षिण आफ्रिकेच्या वेस्टर्न केप प्रांतातल्या पहिल्या वर्षाच्या नोंदींत एचआयव्ही असलेल्यांना कोरोनाने मरण येण्याचा धोका इतरांच्या जवळजवळ दुप्पट दिसला, पण वाढते वय आणि मधुमेह यांचा वाटा त्याहूनही जड होता. तरुणांना सर्वाधिक त्रास झाला तो दवाखान्याची वाट बंद झाल्याचा, शाळेतले जेवण तुटल्याचा आणि घरात लपूनछपून गोळ्या घ्याव्या लागल्याचा.

कोरोनाच्या काळातली एक वैद्यकीय नोंद जगभर गाजली. २०२१ साली दक्षिण आफ्रिकेतल्या संशोधकांनी एका महिलेविषयी लिहिले. तिच्या एचआयव्हीवरचे उपचार लागू पडत नव्हते आणि कोरोनाचा विषाणू तिच्या शरीरात २१६ दिवस टिकून बदलत राहिला. असे प्रकार कर्करोग आणि अवयवरोपणाच्या रोग्यांतही युरोप-अमेरिकेत दिसले होते. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये बोत्सवाना आणि दक्षिण आफ्रिकेतल्या शास्त्रज्ञांनी कोरोनाचा ओमिक्रॉन हा नवा प्रकार ओळखून जगाला तातडीने कळवले. २६ नोव्हेंबरला जागतिक आरोग्य संघटनेने त्याला नाव दिले आणि त्याच सुमारास अनेक श्रीमंत देशांनी आफ्रिकेच्या दक्षिणेकडील देशांची विमाने थांबवली. नवे प्रकार एचआयव्ही असलेल्यांच्या शरीरात घडतात, अशी कुजबुज सुरू झाली. जुना प्रश्न नव्या वेषात आला : पाप कोणाचे?

त्या नोंदीचा पुढचा भाग फारसा सांगितला गेला नाही. त्या महिलेचे एचआयव्हीचे उपचार बदलले, नवी औषधे लागू पडली आणि कोरोनाचा विषाणू शरीरातून गेला. ज्याला धोका म्हटले गेले तो उपचाराअभावी तयार झाला होता आणि उपचाराने संपला. एका माणसाची प्रतिकारशक्ती क्षीण राहणे ही त्याची खासगी बाब नाही, एवढे या घटनेने नक्की सिद्ध केले, आणि तेवढ्याने दोषारोपाची दिशा फिरते. शतपथब्राह्मणात माणूस जन्मतःच ऋणी असतो असे म्हटले आहे. देवांचे, ऋषींचे आणि पितरांचे ऋण सर्वांना ठाऊक असते. तिथे चौथे ऋण माणसांचे सांगितले आहे. रोमन अर्थाची इम्युनिटी या ऋणातून सूट मागते. वैद्यकातली इम्युनिटी त्या ऋणावरच उभी आहे. आईकडून वारेतून आलेली प्रतिपिंडे, अनोळखी स्वयंसेवकांवर तपासलेली लस, टोचून घेणारे शेजारी, नियमित चालणारा दवाखाना, यांतले काहीच एकट्याने कमावलेले नसते. माणूस इतर माणसांमुळेच माणूस होतो, ही दक्षिण आफ्रिकेतली ‘उबुंटू’ची जाणीव याहून फार वेगळी नाही.

हे ऋण महाराष्ट्रापर्यंत पोचते. फेब्रुवारी २००१ मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीचे युसुफ हमीद यांनी एचआयव्हीवरची तीन औषधे एका रोग्यासाठी वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ केली, तेव्हा तेच उपचार श्रीमंत देशांत दहा हजार डॉलरच्या वर होते. त्याच वर्षी जूनमध्ये न्कोसी गेला. वीस वर्षांनी, १ फेब्रुवारी २०२१ रोजी पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमधून कोविशील्डचे १० लाख डोस जोहान्सबर्गला उतरले. तिथे पसरलेल्या बीटा प्रकारात सौम्य आणि मध्यम आजारावर ही लस कमी पडते असे दिसल्याने आठवड्याभरात तिचा वापर थांबवला गेला आणि डोस आफ्रिकेतल्या इतर देशांकडे गेले. त्याआधी, २ ऑक्टोबर २०२० रोजी भारत आणि दक्षिण आफ्रिकेने मिळून कोरोनाच्या औषधांवरचे आणि लशींवरचे बौद्धिक संपदेचे हक्क तात्पुरते बाजूला ठेवावेत, असा प्रस्ताव जागतिक व्यापार संघटनेकडे दिला. निर्णय व्हायला जून २०२२ उजाडला आणि तो लशींपुरताच झाला. २०२१ संपताना आफ्रिका खंडात लसीकरण पूर्ण झालेले लोक दहा टक्क्यांहून कमी होते. दैव शोधणाऱ्याने हे वीस महिने मोजावेत.

एक आक्षेप उरतो आणि तो गंभीर आहे. सगळेच सामाईक म्हटले तर त्या तरुणाची स्वतःची काही जबाबदारी आहे की नाही? किशोरवयात गोळ्या चुकतात. मोठ्यांच्या तुलनेत या वयात विषाणू दबलेला राहण्याचे प्रमाण कमी असते, आणि गोळी चुकली की नुकसान शेवटी त्याचेच होते. दैव आणि पुरुषकार, म्हणजे माणसाचा स्वतःचा प्रयत्न, यांच्या जुन्या वादात आत्रेयांनी पुरुषकाराची बाजू सोडली नव्हती, ती इथेही सोडता येत नाही. पण गोळी चुकण्याची कारणे पाहिली तर बहुतेक वेळा आळस सापडत नाही. वसतिगृहात डबी कुठे ठेवायची, मित्रांना काय सांगायचे, आई-वडील नसताना आजीला दवाखान्यात किती वेळा न्यायचे, प्रेमात पडल्यावर कधी आणि कसे सांगायचे, हे प्रश्न रोजच्या त्या एका गोळीच्या आड असतात. अनेकांना आपला आजार कोणता हे दहा-बारा वर्षांचे होईपर्यंत सांगितलेले नसते; तोवर ती गोळी ‘ताकदीची’ असते. पुरुषकार हवा तर त्याला आधी उभे राहायला जागा लागते. जबाबदारी मागण्याचा अधिकार तो आधार देणाऱ्यालाच पोचतो. दुरून निवाडा करणाऱ्याला तो नाही.

असा आधार भारतात काही अंशी उभा आहे. मोफत एआरटी १ एप्रिल २००४ पासून मिळते. २०१७ चा एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. शाळा, नोकरी, घर आणि दवाखाना यांत एचआयव्हीवरून भेदभाव करायला तो बंदी घालतो. लागण कशी झाली हे तो विचारत नाही. त्यात आणखी एक तरतूद आहे. एचआयव्हीची झळ पोचलेल्या घराचा संसार बारा ते अठरा वर्षांचे, पुरेशी समज असलेले भावंड सांभाळत असेल, तर धाकट्या भावंडांना शाळेत घालण्यासाठी, त्यांचे बँक खाते चालवण्यासाठी आणि त्यांच्या औषधोपचारासाठी त्याला पालक म्हणून सही करता येते.